वजन बरोबर, मॅग्नेट पास, तरी सिल्व्हर डॉलर फसवाच निघतो, नेमकं काय चुकतं?

ऑनलाइन मॉर्गन किंवा पीस डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची एक डॉलरची नाणी, घेणाऱ्यांचं एकच रडगाणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं, की काटा घेतला, कॅलिपर घेतला, मॅग्नेट घेतला, सगळं चेक केलं, सगळं बरोबर आलं, आणि वर्षभराने ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं तर नाणं ग्रेडशिवाय परत, वर लेबलवर लिहिलेलं ‘क्लीन्ड’, म्हणजे साफ केलेलं. किंवा त्याहून वाईट, मिंट मार्कच, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षरच, खोटं. मग माणूस अजून महागडा काटा घेतो आणि परत तिथेच फसतो. माझंही तसंच झालंय, दोनदा नाही तीनदा, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

चूक अशी होते की आपण तीन वेगवेगळे आजार एकाच औषधाने बरे करायला जातो. पहिला आजार म्हणजे धातूच खोटा. दुसरा, नाणं अस्सल पण त्याच्यावर कारागिरी करून ते दुर्मिळ बनवलंय. तिसरा, नाणं अस्सल, साल अस्सल, मिंट मार्क अस्सल, पण कोणीतरी ते घासलंय नाहीतर ॲसिडात बुडवलंय. काटा आणि मॅग्नेट फक्त पहिला आजार पकडतात. दुसरा आणि तिसरा काट्यावर शंभर टक्के पास होणारच, कारण चांदी खरीच आहे ना! आणि माझ्या अनुभवात पैसे जास्त बुडतात ते तिसऱ्यात, पण बोलतात सगळे पहिल्याबद्दल.

आधी खोटा धातू, कारण तो सोपा आहे.

मॉर्गन (१८७८ ते १९०४ आणि परत १९२१) आणि पीस (१९२१ ते १९२८, मग १९३४ आणि १९३५) दोन्हींचं माप एकच, २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. नवीन नाण्याला टांकसाळीची सूट होती दीड ग्रेनची, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम इकडे किंवा तिकडे. झिजलेलं नाणं त्याहून कमी भरणार, बरंच झिजलेलं २६ च्या आसपास येतं, त्यात घाबरायचं काही नाही. पण लिस्टिंगमध्ये कोरं दिसतंय आणि काट्यावर २६.२ येतंय तर गडबड आहे, आणि २६.९ च्या वर गेलं तरी गडबड आहे, नाणं झिजून जड होत नाही. ट्रेड डॉलर, म्हणजे व्यापारासाठी पाडलेला डॉलर, वेगळा बरं का, तो २७.२२ ग्रॅमचा, १८७३ पासूनचा, आणि स्वस्तातल्या बनावट नाण्यांत त्याची गर्दी फार. माझा पहिला धडा तोच, फोटोत देखणा ट्रेड डॉलर, काट्यावर ठेवला तर २२ पण भरेना. तो परत केला, पैसे मिळाले, आणि मला वाटलं की आता आपण हुशार झालो. तिथेच सगळा घोळ झाला.

वजन आणि व्यास दोन्ही जुळवलेली बनावट नाणीपण असतात, तेव्हा जाडी बघायची. तांबं-निकेलची घनता ८.९ च्या आसपास, ९० टक्के चांदीची १०.३ च्या आसपास, त्यामुळे हलक्या धातूचं नाणं बरोबर वजनाचं करायचं तर ते जाड करावंच लागतं, नाहीतर व्यास वाढवावा लागतो, कुठेतरी चोरी उघडी पडतेच. घनता घरी काढता येते. दोन दशांशाचा काटा लागेल. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. अस्सल डॉलरला तो २.५८ ते २.६० येतो, त्याच वजनाच्या तांबं-निकेलला ३ च्या जवळ. फरक डोळ्यांनी दिसतो, हिशोब करायचीही गरज नाही. एकच गोष्ट, हा प्रयोग झिजलेल्या नाण्यावर करा, कोऱ्या चमकदार नाण्यावर नको, थेंब सुकून डाग राहिला तर तुम्हीच त्याची किंमत उतरवलीत. आणि कधीही पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून टिपायचं. अजून एक, २०२१ पासून परत निघालेले मॉर्गन आणि पीस ९९.९ टक्के चांदीचे आहेत, त्यांना हे पाण्याचे आकडे लागू नाहीत.

मॅग्नेटचं लोक उगाच कौतुक करतात. चिकटलं तर खोटं, एवढंच तो सांगतो. नाही चिकटलं म्हणजे खरं असं नाही, पितळ पण चिकटत नाही, तांबं पण नाही.

विकत घ्यायच्या आधी मात्र फुकटात करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे साल आणि मिंट मार्क जुळवणं. आश्चर्य वाटेल पण पाडलंच नव्हतं असं नाणं लोक पैसे देऊन घेतात. १९०५ ते १९२० मध्ये अमेरिकेत एकही सिल्व्हर डॉलर पाडलेला नाही, मग १९०७ चा मॉर्गन कुठून आला? कार्सन सिटीचे, म्हणजे सीसी मार्कवाले मॉर्गन फक्त १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३. डेन्वरचा डी मार्क जुन्या मॉर्गनवर फक्त १९२१ चा. १९६४ सालाचे पीस डॉलर डेन्वरला १९६५ मध्ये पाडले होते पण ते चलनात सोडलेच नाहीत, वितळवले, त्यामुळे कोणी ‘१९६४ पीस, खूप दुर्मिळ’ म्हणून विकत असेल तर पुढे स्क्रोल करा. १८०४ चा डॉलर तर जगात मोजकेच आहेत आणि प्रत्येकाचा इतिहास माहीत आहे, तो कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत नसतो. आणि दिशा बघायची. अमेरिकन नाणं वरून खाली उलटवलं की मागची बाजू सरळ दिसते, पुस्तकाच्या पानासारखं बाजूला उलटवलं तर ती डोक्यावर उभी दिसते. काही बनावटांत हे उलटं असतं. सेलरला एवढा छोटा व्हिडिओ मागायला काय जातं.

दुसरा आजार, कारागिरी. इथे नाणं चांदीचंच असतं, वजन चोख असतं, फक्त एक अक्षर किंवा एक आकडा खोटा असतो. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन फक्त १,००,००० पाडला, चलनासाठी पाडलेल्या मॉर्गनमधला सगळ्यात कमी, त्यामुळे १८९३ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर, ज्यावर मिंट मार्कच नसतो, सॅन फ्रान्सिस्कोचा एस चिकटवतात, किंवा १८९८ एसच्या आठाचा तीन करतात. नशिबाने त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या चलनातल्या मॉर्गनची पुढची बाजू एकाच साच्यातून निघाली, त्यामुळे खुणा पक्क्या आहेत. लिबर्टी शब्दातल्या टीच्या वरच्या भागात एक बारीक तिरकी उठावदार रेघ असते आणि आरच्या पायात धातूचा छोटा उंचवटा असतो. खूप झिजलेल्या नाण्यात या खुणा पुसट होतात हे खरं, पण मग तेवढं महाग नाणं ग्रेडिंगशिवाय घ्यायचंच कशाला?

उलट प्रकारही असतो, मार्क काढून टाकायचा. १९२८ चा फिलाडेल्फियाचा पीस ३,६०,६४९ पाडला, पीस मालिकेत चलनासाठी पाडलेल्यांत तो सगळ्यात कमी. म्हणून १९२८ एसचा एस खरवडून टाकतात. पीसवर मिंट मार्क मागच्या बाजूला वन या शब्दाच्या खाली असतो, मॉर्गनवर मागच्या बाजूला माळेच्या गाठीखाली, डॉलर शब्दातल्या डी आणि ओच्या वर. तिथली जागा भिंगाखाली तिरक्या उजेडात बघायची. चिकटवलेल्या अक्षराच्या पायाशी शिवण दिसते किंवा रंग वेगळा असतो, काढलेल्या जागी मैदान, म्हणजे नाण्याचा सपाट मोकळा भाग, जरा खोलगट किंवा जास्तच गुळगुळीत असतं आणि आजूबाजूची चमक तिथे येऊन तुटते. माझा तिसरा फटका हाच होता. फोटोत नेमक्या त्या कोपऱ्यावर झगझगीत उजेड पाडलेला होता आणि मला तो फोटोग्राफी कच्ची असल्याचा प्रकार वाटला. कच्चा मीच होतो.

आणि खोट्या साच्याची नाणी. अस्सल नाण्यावरून साचा उतरवला की त्या अस्सल नाण्यावरचे खड्डे, ओरखडेपण साच्यात उतरतात आणि मग त्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच खड्डा त्याच जागी. म्हणून एकाच सेलरच्या चार लिस्टिंग उघडून शेजारी शेजारी ठेवा, गालावर तीच खोच, तीच जागा, वेगवेगळ्या नाण्यांवर दिसली की काम झालं, काही मोजायलाच नको. न्यू ऑर्लीन्सच्या १८९६, १९०० आणि १९०२ चे बारीक ओ मिंट मार्कवाले मॉर्गन कित्येक वर्षं संग्राहक खरे समजून जमवत होते आणि २००५ मध्ये कळलं की ती जुन्या काळातलीच बनावट आहेत. म्हणजे जाणकारसुद्धा फसतात, आपण फसलो तर लाजायचं कारण नाही.

आता तिसरा, ज्याच्यासाठी मी एवढं टाईप करतोय.

मी एक १८८१ एस मॉर्गन घेतला. हे साल तसं मुबलक आणि त्याची छापही चांगली असते म्हणून सुरुवातीला लोक हेच घेतात. फोटोत पांढराशुभ्र, लखलखीत, टायटलमध्ये ‘ब्लेझिंग व्हाइट’. आला, वजन २६.७, व्यास बरोबर, मॅग्नेट पास, मी खुश. ग्रेडिंगहून परत आला तो ग्रेड नसलेल्या ‘डीटेल्स’ लेबलात. तेव्हा मला कळलं की चमकतंय म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं.

अस्सल चमक आणि घासलेली चमक यात फरक आहे तो असा. नाणं पाडताना दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिशय बारीक रेघा पृष्ठभागावर राहतात. त्यांच्यामुळे एका दिव्याखाली नाणं हळूहळू हलवलं की उजेडाचे पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे नाण्याभोवती गोल फिरतात, याला कार्टव्हील लस्टर म्हणतात. बेकिंग सोडा, टूथपेस्ट, पॉलिश, कापड, काहीही लावून घासलं की या रेघा मोडतात. नाणं चमकतं तरीही, पण सगळीकडून एकसारखं, स्टीलच्या ताटासारखं, पट्टा फिरतच नाही. डिपमध्ये बुडवलेल्याचं थोडं वेगळं. डिप हे ॲसिड असतं, ते काळपटपणाबरोबर चांदीचा अगदी वरचा थर पण खातं. पटकन एकदा बुडवलं तर ओळखणं अवघड, जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा बुडवलं की पट्टे फिरतात पण मेलेले, जसा धुक्यातून दिवा दिसतो तसे. पांढरं आहे पण जीव नाही, असं दिसलं की समजायचं.

मग ओरखडे. घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेघा असतात, बऱ्याचदा एकाच दिशेने समांतर किंवा गोल गोल, आणि त्या फक्त एका कोनातून दिसतात, नाणं जरा फिरवलं की गायब. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. एक म्हणजे पोत्यांतले मार. हे डॉलर हजार हजारच्या कापडी पिशव्यांत भरून ठेवायचे, एकमेकांवर आदळायचे, त्यामुळे कोऱ्या मॉर्गनवरसुद्धा छोट्या तुटक खोचा असणारच, कुठल्याही दिशेला, त्यात काही वाईट नाही. दुसरं म्हणजे साच्याला पॉलिश केल्याच्या रेघा. त्या नाण्यावर उठावदार असतात, मैदानात असतात, आणि अक्षराशी किंवा चेहऱ्याशी आल्या की थांबतात, वर चढत नाहीत. घासल्याची रेघ खोल असते आणि मैदानातून सरळ चेहऱ्यावर चढते. हा एक फरक डोळ्यात बसला की निम्मं काम झालं.

वायर ब्रशने मशीनवर फिरवलेलं नाणंपण असतं, त्याला व्हिझिंग म्हणतात. त्यात धातू सरकून अक्षरांच्या एका बाजूला ढिगासारखा साचतो, भिंगात बांधासारखा दिसतो. लांबून ही चमक खरी वाटते, हेच त्याचं काम.

आणि सगळ्यात सोपी खूण, जिला ना भिंग लागतं ना दिवा. झिजलेलं आणि पांढरंशुभ्र असं नाणं नसतं. कानावरचे केस सपाट झालेत, गरुडाच्या छातीची पिसं गेलीत, म्हणजे नाणं हातोहात फिरलंय, मग ते करडं, मळकट असायला हवं, चंदेरी लखलखीत कसं? मैदान उजळ आणि फक्त अक्षरांच्या सांदीत काळं राहिलंय तरी तेच, कापड सांदीत पोचत नाही ना. फक्त न्यू ऑर्लीन्सच्या नाण्यांत जपून, तिथे बऱ्याच वेळा छापच कमजोर पडायची, छाती सपाट दिसते पण झिजलेली नसते. तिथे परत चमकच बघायची, सपाट जागेवर पट्टा फिरतोय का.

रंगीत नाण्यांवर मी फार लिहीत नाही, त्याच्यात मीच अजून कच्चा आहे. एवढंच की खरा रंग सावकाश चढतो, फिका पिवळा-सोनेरी, मग लालसर, मग निळा, एका रंगातून दुसऱ्यात हळूच सरकत. एकदम जांभळा-निळा डाग, मध्ये पिवळा नाहीच, आणि रंगाखाली केसासारख्या रेघा, तर ते आधी घासलेलं आणि मग लपवायला रंगवलेलं असायची शक्यता फार.

मग घ्यायच्या आधी करायचं काय? फोटोवर विश्वास नाही, व्हिडिओवर ठेवा. एकच दिवा, नाणं हातात, हळूहळू तिरकं करत दहा-पंधरा सेकंद, दोन्ही बाजू, आणि काठ पण. स्कॅनरवर ठेवून काढलेल्या चित्रात केसासारख्या रेघा दिसतच नाहीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर जास्त उजेडात काढलेल्यातही नाही. म्हणजे खोट्या धातूसाठी काटा, कारागिरीसाठी भिंग, आणि घासलेल्यासाठी हलता उजेड, प्रत्येकाचं हत्यार वेगळं. चांगला सेलर व्हिडिओ देतो. ‘मला नाण्यातलं काही कळत नाही, आजोबांच्या संग्रहातलं आहे, रिटर्न नाही’ असं लिहिणाऱ्याला कळतं, सगळं कळतं, तुमच्यापेक्षा जास्त कळतं. किंमतपण बघा. एका डॉलरमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस चांदी असते, त्या दिवसाच्या भावाने गुणा, आणि कोणी त्याच्याही खाली विकत असेल तर विचारा स्वतःला की तो सराफाकडे का नाही गेला.

स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, असलं की सुटलो असंही नाही. ग्रेडिंग कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून आहे, त्यांच्या साइटवर सर्टिफिकेट नंबर टाकून तपासता येतो, पण खोट्या स्लॅबवर खरा नंबरच छापलेला असतो, म्हणून नंबर सापडला यावर थांबू नका. साइटवर त्या नंबराचा फोटो असेल तर नाण्यावरच्या खोचा एक एक करून जुळवा. फोटो नसेल तर किमान साल, मिंट मार्क, ग्रेड आणि होल्डरचा प्रकार जुळतोय का बघा. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा स्लॅब असेल तर तो प्लास्टिकचा डबा आहे असं समजून उघड्या नाण्याची किंमत द्या.

आलंच घरी आणि शंका आली तर. पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा, स्लॅब असेल तर फोडू नका, फोडला की रिटर्नचा वाद तुम्ही हरलात. काट्याचा, कॅलिपरचा फोटो लगेच काढून ठेवा आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत केस टाका, सेलर ‘थांबा, बघतो’ म्हणत दिवस काढतो ते मुदत संपावी म्हणूनच. पेमेंट कार्डने केलेलं असेल तर बँकेकडे दाद मागता येते, मित्राला पाठवल्यासारखे पैसे पाठवले असतील तर कोणी विचारत नाही. आणि खोटं निघालेलं नाणं गपचूप पुढच्याला खपवायचा विचारही नको, १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे अमेरिकेत नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा ठसा लागतो, त्याच्याशिवाय विकणं बेकायदेशीर आहे.

नाणं अस्सल पण घासलेलं असेल आणि परत करायची मुदत गेली असेल तर ते आहे तसं ठेवा. अजून एकदा डिप करून ‘सुधारवायला’ जाऊ नका, रंग चढवायला तर अजिबात नको. प्लास्टिकच्या जुन्या पाकिटाचा हिरवट चिकट थर बसला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून काढलेलं चालतं, त्याला क्लीनिंग धरत नाहीत कारण ॲसिटोन चांदीला काही करत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास गॅस, मेणबत्ती, सिगारेट काही नको. नेलपेंट काढायचं ॲसिटोन नको, त्यात तेल आणि सुवास मिसळलेला असतो.

तो १८८१ एस मी विकला नाही. दिव्याजवळच ठेवलाय. नवीन नाणं आलं की आधी तो हातात घेऊन फिरवतो, पट्टा कसा फिरत नाही ते डोळ्याला आठवून देतो, आणि मग नवं पाकीट उघडतो.